ग्रबल: स्क्रीनवरचा आकडा, टेबलाची खरी जागा आणि बटण सोडलं तरी न थांबणारा जॉग

नेमासतरा

यंत्र असं आहे: अर्डुइनो उनो, सीएनसी शील्ड ३, ग्रबल १.१ (जी-कोड वाचून मोटरना पल्स देणारं फर्मवेअर), तिन्ही अक्षांवर डीआरव्ही८८२५ ड्रायव्हर, नेमा १७ मोटर (१.८ अंश), टी८ लीडस्क्रू (एका फेऱ्यात ८ मिमी), १/८ मायक्रोस्टेप (एका पूर्ण पायरीचे आठ भाग). $१००, $१०१, $१०२ (एक्स, वाय, झेडच्या पायऱ्या प्रति मिमी) तिन्ही २००. बाकी सेटिंग मुळात होती तशीच. पुरवठा २४ व्होल्ट. होमिंगचे (यंत्राचं शून्य शोधण्याचे) स्विच अजून लावलेले नाहीत. जॉगचा (कळा दाबून टेबल सरकवण्याचा) प्रोग्रॅम पायथनमध्ये स्वतः लिहिलेला आहे.

(आज्ञा इथे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलमध्ये अर्थातच रोमन अक्षरं टाइप करायची.)

तीन प्रश्न आहेत.

१. एक्स १०० मिमी जॉग केला की स्क्रीनवर १००.००० येतं, पण डिजिटल व्हर्नियरच्या डेप्थ रॉडने मोजलं तर १००.४०. परत शून्यावर आणलं की फरक ०.०२ च्या आत.

२. बाणाची कळ दाबून धरली की टेबल नीट चालतं, पण कळ सोडल्यावर अडीच-तीन सेकंद चालतच राहतं. प्रत्येक की-रिपीटला $जे=जी९१जी२१एक्स१एफ५०० ही ओळ जाते.

३. मोटरची खरी जागा वाचायची आज्ञा कुठली? प्रश्नचिन्ह पाठवल्यावर येतो तो आकडा खरा धरायचा का?

---

शून्यबिंदू

तिसऱ्यापासून सुरू करतो, कारण बाकीचे दोन त्याच्यावर उभे आहेत.

अशी आज्ञा नाही. ग्रबलला मोटर दिसतच नाही. त्याला दिसतात ते त्याने स्वतः पाठवलेले पल्स. प्रत्येक अक्षासाठी तो एक ३२ बिटी पूर्णांक ठेवतो, पल्स गेला की एक वाढवतो किंवा कमी करतो, आणि तुम्ही ? पाठवलं की तो आकडा $१०० ने भागून मिलिमीटरमध्ये सांगतो. मोटरचा कनेक्टर काढून जॉग करून बघा, आकडा तितक्याच डौलाने पळेल. (कनेक्टर पुरवठा बंद करूनच काढा. चालू ड्रायव्हरवरून मोटरची वायर सुटली की बहुतेक वेळा ड्रायव्हर जातो.)

उत्तर साधारण असं येतं:

<आयडल|एमपॉस:१००.०००,०.०००,०.०००|एफएस:०,०|डब्ल्यूसीओ:२०.०००,०.०००,०.०००>

एमपॉस म्हणजे यंत्राच्या शून्यापासूनची जागा. डब्ल्यूसीओ म्हणजे कामाचं शून्य यंत्राच्या शून्यापासून किती सरकवलंय ते. कामाची जागा = एमपॉस वजा डब्ल्यूसीओ, म्हणजे वरच्या उदाहरणात ८०. डब्ल्यूसीओ दरवेळी येत नाही. यंत्र थांबलेलं असताना दर १० अहवालांत एकदा आणि चालू असताना दर ३० अहवालांत एकदा येतो, शिवाय बदलला की लगेच येतो. त्यामुळे शेवटचा आलेला डब्ल्यूसीओ प्रोग्रॅममध्ये जपून ठेवायचा. तो न जपणाऱ्या प्रोग्रॅमात कामाचा आकडा मधूनच उड्या मारतो आणि लोक मोटरला दोष देतात. $१०=० केलं तर थेट कामाची जागा येते, पण मी एमपॉसच ठेवा म्हणेन. त्यात गोंधळाला जागा कमी.

? किती वेळा पाठवायचं? सेकंदाला ५ वेळा पुरे, १० म्हणजे डोक्यावरून पाणी. आणि ? च्या मागे नव्या ओळीचं चिन्ह (एंटर) जोडू नका. तो रिअल-टाइम कॅरॅक्टर आहे, एकटाच जातो. नवी ओळ जोडली की ग्रबल ती रिकामी ओळ समजून एक जादा ओके (ओळ मिळाल्याची पोच) पाठवतो, आणि ओके मोजून ओळी सोडणारा प्रोग्रॅम हळूहळू घसरतो.

अजून एक. सीरियल पोर्ट उघडला की उनो रीसेट होतो आणि एमपॉस पुन्हा ०. टेबल २०० मिमीवर उभं असेल तरी ०. जी५४ चं (कामाच्या शून्याचं) ऑफसेट मात्र ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी न पुसणाऱ्या मेमरीत) टिकतं, आणि हीच गोम आहे: कामाचं शून्य टिकलं, पण ते ज्याच्यापासून मोजलंय ते यंत्राचं शून्य हललं. होमिंग नसेल तर प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडल्यावर जुन्या शून्यावर विश्वास ठेवू नका. तात्पुरता उपाय म्हणजे रीसेट आणि ग्राउंड यांच्यात १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (धन टोक रीसेटला). नवीन फर्मवेअर चढवताना तो काढावा लागतो. खरा उपाय अर्थात होमिंग स्विच.

---

ऑप्टो

+१. वाखू (वाचनखूण) साठवली.

दुसऱ्या प्रश्नाचं गणित मांडतो. की-रिपीट सेकंदाला साधारण ३० वेळा होतो. एफ५०० म्हणजे सेकंदाला ८.३३ मिमी, म्हणजे तुमच्या १ मिमीच्या ओळी सेकंदाला आठच संपतात. आत तीस, बाहेर आठ. ग्रबलच्या प्लॅनरमध्ये (पुढच्या हालचालींच्या रांगेत) १५ हालचाली मावतात. शिवाय सीरियल बफर १२८ बाइटचा. तुमची ओळ शेवटच्या नव्या ओळीसह १६ बाइटची, म्हणजे तिथे अजून ८. एकूण २३ मिमीची रांग. भागिले ८.३३ केलं की पावणेतीन सेकंद. तुम्ही म्हणता तेच. प्रोग्रॅम ओकेची वाट न बघता पाठवत असेल तर यापेक्षा वाईट होईल: बफर भरून ओळी तुटतात आणि भलतीच आज्ञा तयार होते. एक्स१ ची ओळ तुटून पुढच्या ओळीला चिकटली तर काय होईल याचा विचार करा.

बरोबर पद्धत अशी:

कळ खाली गेली की एकच लांब जॉग पाठवा, उदा. $जे=जी९१जी२१एक्स२००एफ५००. की-रिपीट दुर्लक्षित करा. कळ वर आली की हेक्स ८५ (दशमान १३३) हा एकच बाइट पाठवा. हा जॉग रद्द करण्याचा रिअल-टाइम बाइट आहे. ग्रबल ठरलेल्या मंदनाने थांबतो, प्लॅनरमधली उरलेली रांग फेकून देतो आणि आयडलला येतो. पायऱ्या चुकत नाहीत, अलार्म येत नाही. पायथनमध्ये तो मजकूर म्हणून आस्कीत एन्कोड करायला गेलात तर चूक येईल, थेट बाइट म्हणून लिहा.

रद्द केल्यावर ? च्या उत्तरात आयडल दिसेपर्यंत पुढची ओळ पाठवू नका. जॉग चालू असताना साधा जी-कोड गेला तर एरर ९ येतो. उलट बाजूने, जी-कोड चालू असताना $जे पाठवला तर एरर ८. प्रत्येक $जे मध्ये एफ हवाच, आधीचा वेग तो लक्षात ठेवत नाही; विसरलात तर एरर २२.

कंट्रोल-एक्सने थांबवायची सवय असेल तर ती मोडा. चालत्या यंत्रावर रीसेट मारला की अलार्म ३ येतो, आणि त्याचा अर्थच "जागा बहुधा गेली" असा आहे. मोटर मंदनाशिवाय अचानक सुटते, रोटर कुठे स्थिरावेल ते ग्रबलला कळत नाही.

---

लीडस्क्रू

@ऑप्टो, पद्धत बरोबर, पण बाकी सेटिंग मुळातली आहेत असं धागाकर्त्याने लिहिलंय. म्हणजे $१२० (एक्सचा प्रवेग) = १० मिमी प्रति सेकंद वर्ग. एवढ्या मंदनाने ८.३३ मिमी/से वरून थांबायला ०.८ सेकंद आणि ३.५ मिमी लागतात. (वेगाचा वर्ग भागिले दुप्पट प्रवेग: ६९.४ / २०.) हेक्स ८५ पाठवूनही टेबल साडेतीन मिमी पुढे जाईल आणि पुन्हा "थांबत नाही" असा धागा निघेल. $१२० = २०० केलं तर तेच अंतर ०.१७ मिमीवर येतं.

मात्र एकदम २०० टाकू नका. ५० ने वाढवत जा, दर वेळी प्रवासभर मागे-पुढे जॉग करा, मोटर अडखळली की त्या आकड्यापेक्षा १५-२० टक्के खाली या. झेडला वेगळा आकडा लागतो, त्याला स्पिंडलचं वजन उचलायचं असतं.

आता पहिला प्रश्न. परत शून्यावर ०.०२ च्या आत येतंय, हे महत्त्वाचं वाक्य आहे. पायऱ्या सुटत असत्या तर परत आल्यावर फरक राहिला असता. चूक कोणत्या प्रकारची ते ओळखायची माझी रीत:

फरक अंतराच्या प्रमाणात वाढतो (१०० ला ०.४, ५० ला ०.२) आणि परत आल्यावर नाहीसा होतो: पायऱ्या प्रति मिमी चुकलेत किंवा मोजमाप चुकलंय.

फरक फक्त दिशा बदलली की येतो आणि नेहमी तेवढाच असतो: बॅकलॅश (स्क्रू आणि नटामधली ढिलाई). ग्रबलमध्ये त्याची भरपाई करायची सोय नाही. नट बदला, किंवा शेवटचं अंतर नेहमी एकाच बाजूने गाठा.

फरक अधूनमधून येतो आणि ठरावीक पटीत असतो: रोटर घसरतोय. स्टेपर मोटर घसरते तेव्हा पूर्ण विद्युत चक्राने घसरते, म्हणजे ४ पूर्ण पायऱ्या, ७.२ अंश. तुमच्या ८ मिमीच्या स्क्रूवर ०.१६ मिमी. ५ मिमीच्या बॉलस्क्रूवर ०.१ मिमी. २० दात्यांच्या जीटी२ पुलीवर ०.८ मिमी. डायलवर ०.१६, ०.३२, ०.४८ असे आकडे दिसले की करंट, प्रवेग किंवा घर्षण बघा, सॉफ्टवेअरला हात लावू नका.

तुमचं ०.४० हे ०.१६ च्या पटीत बसत नाही. दुप्पट किंवा निम्मं अंतरही नाही, म्हणजे मायक्रोस्टेप ठरवणारे जंपर ठीक आहेत. (तीनही जंपर लावले की ए४९८८ वर १/१६ होतं आणि डीआरव्ही८८२५ वर १/३२. ड्रायव्हर बदलून जंपर तसेच ठेवले की अंतर निम्मं होतं.) आणि ०.४ टक्के ही चूक साध्या टी८ स्क्रूलाही जास्त आहे. सी७ वर्गाच्या बॉलस्क्रूला ३०० मिमीत ०.०५ ची मुभा असते. टी८ त्याहून बरीच वाईट धरली तरी १०० मिमीत ०.४ नाही.

म्हणून आधी रॉड बघा. डेप्थ रॉड सपाट पृष्ठावर ५ अंश तिरका टेकला तर १०० चं माप १००.४ येतं. १०० भागिले कोसाइन ५. शंभर मिमीत पावणेनऊ मिमी तिरपं, डोळ्याला दिसण्याइतकं आहे, फक्त तिकडे कोणी बघत नाही.

---

नेमासतरा

रॉड तिरकाच होता. व्हर्नियर टेबलाला क्लॅम्प केलं होतं आणि क्लॅम्प ट्रॅव्हलला समांतर नव्हता. काटकोन लावून पुन्हा मोजलं: १००.०२. $१०० ला हात लावला नाही.

जॉग एकच लांब ओळ + हेक्स ८५ असा केला, $१२० = १८०. कळ सोडली की थांबतो.

नवीन प्रश्न: ०.००१ चा बारीक जॉग दिला तर पहिल्या दोन वेळा काहीच होत नाही, तिसऱ्या वेळी आकडा ०.००५ होतो. आणि डायल गेजवर तर कधी तीन-चार वेळा ०.००५ देऊनही काटा हलत नाही, मग एकदम ०.०१५ उडी मारतो. बिघाड कुठे?

---

शून्यबिंदू

पहिल्या भागात बिघाड नाही. तुमची एक मायक्रोस्टेप ८ / १६०० = ०.००५ मिमी. त्याहून बारीक यंत्र हलूच शकत नाही. पण ०.००१ चे तुकडे ग्रबल हिशेबात जमा करत राहतो: ०.००१ गुणिले २०० म्हणजे ०.२ पायरी, पूर्णांकात शून्य. ०.००२ म्हणजे ०.४, अजून शून्य. ०.००३ म्हणजे ०.६, ती गोल होऊन एक पायरी. म्हणून तिसऱ्या वेळी एक पल्स जातो आणि एमपॉस थेट ०.००५ दाखवतो. स्क्रीनवर तीन दशांश दिसतात म्हणून यंत्रात तेवढं रिझोल्यूशन आहे असं नाही. जॉगच्या बटणावर ०.००५ पेक्षा लहान पायरी ठेवूच नका.

दुसरा भाग टॉर्कचा आहे. १/८ मायक्रोस्टेपला एका पायरीमागे मिळणारा वाढीव टॉर्क होल्डिंग टॉर्कच्या सुमारे १९.५ टक्के, १/१६ ला ९.८, १/३२ ला ४.९. रेल आणि नटाचं घर्षण त्याहून जास्त असेल तर रोटर दोन-तीन पायऱ्या ताण साठवतो आणि मग सुटतो. वर डीआरव्ही८८२५ ला कमी करंटवर शून्याजवळच्या मायक्रोस्टेप नीट न उमटण्याचा जुना आजार आहे. व्हीरेफ (करंटची मर्यादा ठरवणारा ड्रायव्हरवरचा व्होल्टेज) मोजा: डीआरव्ही८८२५ ला करंट भागिले २, म्हणजे १.२ अँपिअरला ०.६ व्होल्ट. हाच आकडा ए४९८८ ला लागू होत नाही. तिथे करंट × ८ × सेन्स रेझिस्टर. आर१०० (०.१ ओहम) असेल तर ०.९६ व्होल्ट, आर०५० (०.०५ ओहम) असेल तर ०.४८. रेझिस्टरवरचं अक्षर भिंगातून वाचून मगच स्क्रू फिरवा.

आणि $१ बघा. मुळात तो २५ असतो, म्हणजे हालचाल थांबल्यावर २५ मिलिसेकंदांनी मोटर सुटते. सुटली की रोटर जवळच्या पूर्ण पायरीकडे सरकतो आणि डायल थोडा हलतो. बारीक जॉग करायचा असेल तर $१=२५५, मोटर कायम धरून राहते. तापते, पण जागा सोडत नाही.

---

हँडव्हील

चाकाने जॉग करणाऱ्यांसाठी भर घालतो. बाजारात मिळतं ते हँडव्हील एका फेऱ्याला १०० खटके, ए-बी क्वाड्रेचर (दिशा कळावी म्हणून एकमेकांपासून सरकवलेले दोन सिग्नल), बहुतेक एका खटक्याला ४ मोजण्या. एका खटक्याला एकच हालचाल हवी असेल तर ४ ने भागायला विसरू नका.

चाकाचा गुणक ×१०० वर असताना एक खटका ०.१ मिमी, म्हणजे एक फेरा १० मिमी. हात सेकंदाला दोन फेरे सहज देतो: २० मिमी/से, १२०० मिमी प्रति मिनिट. $११० (एक्सचा कमाल वेग) मुळातला ५०० असेल तर यंत्र मागे पडतं आणि चाक थांबल्यावर पुढे जात राहतं. दोनच मार्ग आहेत. एकतर जादा खटके फेकून द्या (चाक आणि टेबल यांचं नातं तुटतं, पण टेबल चाकासोबत थांबतं), किंवा सगळे खटके पाळा आणि ओव्हररन सहन करा. कापत असताना पहिला, डायल गेजवर शून्य पकडताना दुसरा. मी ×१ आणि ×१० ला पाळतो, ×१०० ला फेकतो.

सलग चालवताना तुकडा किती लांबीचा पाठवायचा याला एक अट आहे: प्लॅनरमध्ये असलेल्या तुकड्यांची एकूण लांबी थांबायच्या अंतराहून जास्त हवी. नाहीतर ग्रबल प्रत्येक तुकड्याच्या शेवटी थांबायच्या तयारीत राहतो आणि ठरवलेला वेग कधी गाठतच नाही. उदा. ३००० मिमी/मिनिट म्हणजे ५० मिमी/से, प्रवेग २००: थांबायला २५०० / ४०० = ६.२५ मिमी. १५ पैकी १४ तुकडे धरले तर प्रत्येक किमान ०.४५ मिमी. प्रवेग ५० असेल तर २५ मिमी, तुकडा १.८ मिमी. वेग पूर्ण येत नाही अशी तक्रार असेल तर आधी हा भागाकार करा.

---

ऑप्टो

मोठे ड्रायव्हर वापरणाऱ्यांसाठी अवांतर, पण जागेच्या आकड्याशी थेट संबंध आहे. डीएम५४२ ला दिशा बदलल्यावर पल्सपूर्वी किमान ५ मायक्रोसेकंद लागतात. ग्रबल दिशा आणि पल्स जवळजवळ एकदम सोडतो. त्यामुळे उलटं फिरतानाचा पहिला पल्स कधी जुन्याच दिशेने धरला जातो. दोन्ही बाजूंना सारखी चूक झाली असती तर ती फिटली असती. पण ड्रायव्हरच्या इनपुटवरच्या ऑप्टोकपलरला चालू व्हायला आणि बंद व्हायला सारखा वेळ लागत नाही, म्हणून चूक एकाच बाजूच्या वळणावर होते आणि साठत जाते. १६०० पल्स आणि ५ मिमी बॉलस्क्रूवर एका वळणाला २ मायक्रोस्टेप, ०.००६२५ मिमी. २०० फेऱ्यांनंतर सव्वा मिमी. मोटर अडखळत नाही, आवाज येत नाही, आकडा अगदी बरोबर दिसतो.

तपासणी: १ मिमी पुढे, १ मिमी मागे, असं २०० वेळा, आणि डायल बघा. सरकत असेल तर $२ मध्ये त्या अक्षाचा पल्स उलटा करा, म्हणजे ड्रायव्हर ज्या कडेवर पायरी घेतो ती पल्सच्या शेवटी येते आणि $० (पल्सची लांबी) =१० ठेवल्यास दिशेला १० मायक्रोसेकंद मिळतात. किंवा कॉन्फिग फाइलमध्ये स्टेप पल्स डिलेचा पर्याय उघडून फर्मवेअर पुन्हा चढवा.

---

नेमासतरा

एनकोडरवाली (शाफ्ट किती फिरला ते मोजणारी) बंद-लूप स्टेपर घेतली तर ? ला खरी जागा येईल का?

---

शून्यबिंदू

नाही. त्यात एनकोडर ड्रायव्हरला जोडलेला असतो, चूक ड्रायव्हर स्वतः भरून काढतो. भरून काढता आली नाही तर अलार्मची पिन बदलते, बस. ग्रबलपर्यंत काही पोहोचत नाही. ती अलार्म पिन निदान फीड होल्डला (हालचाल रोखून धरणाऱ्या इनपुटला) तरी जोडा, नाहीतर ड्रायव्हर हात वर करून बसतो आणि ग्रबल पल्स सोडत राहतो.

लिनक्ससीएनसीत (पीसीवर चालणारं सीएनसी सॉफ्टवेअर) "प्रत्यक्ष" नावाचा आकडा दिसतो त्यालाही भुलू नका. साध्या स्टेपजेनच्या (पल्स तयार करणाऱ्या भागाच्या) जोडणीत तोही पल्सचाच हिशेब असतो. एनकोडर वेगळा आणून फीडबॅकला जोडला तरच खरा. मार्लिनमध्ये (थ्रीडी प्रिंटरचं फर्मवेअर) तर एम११४ (जागा विचारायची आज्ञा) ठरवलेली शेवटची जागा देतो, टेबल वाटेत असलं तरी.

---

लीडस्क्रू

स्विच लावाल तेव्हा दोन गोष्टी. होमिंगनंतर एमपॉस -१.००० दिसेल आणि सगळा प्रवास ऋण असेल. घाबरू नका, $२७ चा १ मिमी मागे सरकण्याचा तो आकडा आहे. $२०=१ (सॉफ्ट लिमिट) केलं आणि $१३० मध्ये एक्सचा खरा प्रवास भरला की हद्दीबाहेरचा जॉग एरर १५ देऊन तिथल्या तिथे नाकारला जातो, अलार्म येत नाही. होमिंग चालू नसताना $२० लागत नाही, एरर १० येतो.

दुसरी: शील्ड ३ वर झेड लिमिट म्हणून छापलेली पिन डी११ आहे, पण ग्रबल ०.९ पासून डी११ वर स्पिंडलचा पीडब्ल्यूएम (वेगाचा सिग्नल) आहे आणि झेड लिमिट डी१२ वर. स्विच शील्डवर स्पिंडल एनेबल छापलेल्या पिनला लावा. आणि झेड खाली जॉग करायच्या आधी स्विच बोटाने दाबून ? पाठवा. उत्तरात पीएन:झेड दिसलं पाहिजे.